दाजींचा गळ परवाना

बीड जिल्ह्यातील तमाम स्त्री-पुरुष, शेतकरी, मेंढपाळ, विद्यार्थी, तसेच पाण्यातील कटला, रोहू, मरळ व बेडूक यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, तळ्याच्या काठी गळ टाकून गप्प बसणे हे कृत्य यापुढे निरुपद्रवी समजले जाणार नाही. असे बसण्यास परवाना लागतो. परवाना कोण देतो हे कोणालाच ठाऊक नसल्यास तो दोष अर्जदाराचा समजण्यात येईल.

ही घोषणा कोणत्या कार्यालयानं काढलेली नाही. ती मी करतोय, आणि ती करायचा अधिकार मी नाक मुठीत धरून कमावला आहे. कारण मला माशाची किळस आहे. खायची आहे, बघायची आहे, वासाची तर विचारूच नका. अंबाजोगाईच्या बाजारात मासळीवाल्यांच्या रांगेवरून जायची वेळ आली तर मी रुमाल नाकाला लावून, नव्या नवरीसारखी मान खाली घालून जातो. तरीसुद्धा तळी, गळ, तंगूस, गांडुळं आणि मासेमारीचे नियम या सगळ्या घाणीत मला मानेपर्यंत उतरावं लागलं, ते एका माणसापायी. ते म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आमचे दाजी.

दाजी एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी अंबाजोगाई ते धर्मापुरी आणि आसपासच्या खेड्यांच्या गाड्यांवर गेली. आवाज बारीक, अंगानं किरकोळ, मिशी असून नसल्यासारखी. पण बिनतिकिटाचा माणूस त्यांच्या गाडीत टिकला असं कधी झालं नाही. कॉलेजची पोरं पास घरी विसरल्याचं सोंग करून चढायची, आणि पकडली गेली की सगळ्यांची विनवणी एकच असायची, "मास्तर, फाट्यापर्यंत तरी येऊ द्या!" दाजी ओरडायचे नाहीत, हात धरायचे नाहीत. बेलची दोरी ओढायचे आणि दोनच शब्द बोलायचे, "खाली उतरा." त्या आवाजात काय होतं कोण जाणे. माणसाचं डोकं विचार करायच्या आत त्याचे पाय पायरीवर गेलेले असायचे. मी स्वतः एकदा दाजींची गाडी म्हणून ऐटीत, खिसा रिकामा ठेवून चढलो होतो. नात्यानं मी त्यांचा सख्खा मेव्हणा. दाजींनी माझ्याकडं बघितलं, दोरी ओढली, दोन शब्द बोलले. मी रस्त्यावर उभा होतो आणि गाडी धूळ उडवत निघून गेली, तेव्हा कुठं मला राग आला.

असा माणूस निवृत्त झाला.

निवृत्त झाल्यावर काही जण शेतीत रमतात, काही भजनात, काही दुसऱ्याच्या भांडणात. दाजी कशातच रमेनात. रोज गाडीभर माणसांशी बोललेला माणूस घरात एक शब्द बोलेना. बंद टीव्हीसमोर बसून राहायचे. अक्का जेवायला हाक मारायची तर मान हलवायचे. अक्कानं मला फोन करून सांगितलं, "अरं, टीव्ही लाव म्हनलं तर लावीत न्हाईत, बंद कर म्हनायला तो चालू न्हाई. मी बोलू तर काय बोलू?" आणि फोनवर रडली. अक्का रडणाऱ्यातली नव्हे.

मग एके दिवशी दाजी गावाबाहेरच्या तळ्यावर गेले, तिथं कुणाचा तरी गळ हातात धरून बघितला, आणि संध्याकाळी घरी येऊन अक्काला म्हणाले, "आज लई मज्जा आली." निवृत्तीनंतरचं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य.

झालं. बांबूची काठी आली, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी आली, पाण्यावर तरंगणारं बूच आलं, गळ आले. आणि अरेरे, आमिष आलं! आमिष म्हणजे काय असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांचा मला हेवा वाटतो. रंगाच्या जुन्या डब्यात शेंगदाण्याची पेंड भिजवायची, तिच्यात गूळ घालायचा, वर फडकं बांधायचं, आणि डबा उन्हात ठेवायचा. फडकं फुगून वर आलं की आमिष तयार. तो डबा दाजींनी एकदा माझ्यासमोर कौतुकानं उघडला. मी त्यानंतर कित्येक दिवस शेंगदाण्याची चटणी खाल्ली नाही. आणि दाजी त्यात बोटं घालून, वास घेऊन, अत्तरवाल्यासारखे डोळे मिटून म्हणतात, "आता जमलंय बगा, पाव्हणं."

आता गंमत अशी की अक्का माळकरी. तिच्या घरात अंडं यायचं नाही, मासा तर लांबच. मग दाजी धरलेल्या माशाचं करायचे काय? सोडून द्यायचे. गळ अलगद काढायचे, मासा ओल्या हातात धरायचे, थोडा वेळ त्याच्याकडं बघायचे आणि पाण्यात सोडायचे. गावातली माणसं काठावर उभी राहून हा प्रकार बघायची. एकानं न राहवून विचारलं, "दाजी, धरायचाच कावून मंग?" दाजी म्हणाले, "आरं, गाडीत माणूस चडतंय, उतरतंय. मी काय त्याला घरी घिऊन जात होतो व्हय?"

अक्कानं नाक मुरडलं, दाजींना घराबाहेर अंघोळ करायला लावली, पण अडवलं नाही. उलट पेंडीच्या डब्याला कंटाळून तिनं स्वतः हिंग घालून कणकेचा उंडा मळून द्यायला सुरुवात केली. माशाला शिवायचं नाही, पण माशाचं जेवण करून द्यायचं. नवरा बोलायला लागला होता ना.

हे सगळं मोडलं ते एका शब्दानं.

ते तळं मासेमारीसाठी एका सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेलं आहे. संस्था बीज सोडते, जाळी लावते, मासा विकते. त्यात चूक काही नाही, कित्येक घरांची चूल त्यावर चालते. संस्थेनं काठावर एक राखणदार ठेवला होता. गळवाल्यांशी त्याचं ठरलेलं होतं. संध्याकाळची बाटली आणून द्या आणि खुशाल बसा. सगळे द्यायचे. दाजींनी बाटली दिली नाही. त्यांना ते काही आहे हेच माहीत नव्हतं. एके दिवशी राखणदारानं सगळ्यांसमोर त्यांची काठी ओढून घेतली आणि म्हणाला, "ओ दाजी, उटा. परवाना हाय का? लई दिवस झाले बगतोय. फुकट्यासारकं बसताय रोज."

फुकट्या! एसटीच्या कंडक्टरला! ज्यानं आयुष्यभर हाच शब्द दुसऱ्यांना न उच्चारता केवळ दोरी ओढून ऐकवला, त्याला!

दाजी उठले, घरी आले, काठी माळ्यावर टाकली आणि पुन्हा बंद टीव्हीसमोर बसले. अक्काचा फोन आला. या वेळी ती रडली नाही. तिनं हुकूम सोडला. "त्यास्नी परवाना पायजे म्हनं. परवाना मिळंस्तवर काठीला हात लावनार न्हाईत. तू शिकलेला हायस, जा आन् घिऊन ये."

मी आधी सोपी वाट काढून बघितली. दाजींना म्हटलं, "एक बाटली मी देतो, मिटवून टाकू."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. तेच बघणं. माझे पाय आपोआप पायरी शोधायला लागले.

"पावती दील का तो?" ते म्हणाले.

"बाटलीची पावती कशी देईल, दाजी?"

"मंग फुकटंच की ते. उलट दुप्पट फुकट."

आणि मी परवान्याच्या शोधाला निघालो. वाचकहो, या भागात पाय टाकताना चप्पल घालून टाका.

पहिल्यांदा बीडला, मासेमारीच्या सरकारी कार्यालयात. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्यांचे इतके थर होते की भिंतीला मूळचा रंग असलाच तर तो एखाद्या जाणकाराला खरवडून काढावा लागेल. त्यातून वाट काढत वर गेलो. टेबलामागचे गृहस्थ केळं खात होते.

"परवाना कशासाठी? धंद्यासाठी?"

"नाही, हौस म्हणून. गळ टाकून बसायला."

"हौसेला कशाला परवाना?"

"राखणदार बसू देत नाही."

"मग राखणदाराला भेटा."

"तो म्हणतो परवाना आणा."

"बरोबर आहे की त्याचं," गृहस्थ म्हणाले, आणि केळ्याची साल खिडकीतून बाहेर टाकली. खाली कुणीतरी शिवी दिली. गृहस्थांनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि मग जरा दया येऊन सांगितलं की तळं ठेक्यानं दिलेलं असलं की गळाचा परवाना संस्थाच देऊ शकते, पण पाणी पाटबंधाऱ्याचं आहे, त्यांनाही विचारून घ्या, म्हणजे पुढं भानगड नको.

पाटबंधाऱ्याच्या शाखेत गेलो. तिथले साहेब स्पष्ट होते. "पाणी आमचं. मासा आमचा नाही."

"पण मासा पाण्यातच असतो ना, साहेब?"

"असतो. आम्ही ठेवलेला नाही."

काठाचं विचारायला ग्रामपंचायतीत गेलो. काठ गायरानात येतो असं कळलं. ग्रामसेवक उदार माणूस निघाला. "दाजींना बसायला आमची काय हरकत न्हाई. आयुष्यभर बसा म्हनावं. फक्त गळ पान्यात गेला की आमची हद संपली." म्हणजे दाजींनी बसावं ग्रामपंचायतीत, दोरी जावी पाटबंधाऱ्यात, आणि गळ निघावा संस्थेत.

उरली संस्था. संस्थेचं कार्यालय म्हणजे चेअरमनचं घर, आणि घराचं अंगण म्हणजे माझ्या आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात घाणेरडी जागा. भिंतीवर ओली जाळी वाळत टाकलेली, जाळ्यात अडकून सुकलेली चिंगळं, त्यावर मांजरं, मांजरांवर माश्या. जाळ्याखाली खाट, खाटेवर चेअरमन, हातात मोबाईल. मी श्वास आत न घेता बोलायची कला त्या अंगणात शिकलो.

चेअरमन म्हणाले, "गळाचा परवाना? आजवर कुनी मागितला न्हाई. नियम हाय, पर दिल्याला न्हाई कदी. बसू द्या की तुमच्या दाजीला तसंच, मी सांगतो राखणदाराला."

मी आनंदानं घरी येऊन दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, "वळखीवर?"

"हो."

"वळखीवर तर तुमीबी चडलावता की माज्या गाडीत."

दुसऱ्या दिवसापासून दाजींनीच सूत्रं हातात घेतली. रोज सकाळी अंघोळ करून, स्वच्छ पांढरा शर्ट घालून ते चेअरमनच्या ओट्यावर जाऊन बसायचे. भांडायचे नाहीत, मागायचे नाहीत. स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तसे बसायचे. चेअरमनची बायको रीतीप्रमाणं चहा आणून द्यायची. चहात माशी पडलेली असायचीच, दाजी ती बोटानं काढून टाकायचे आणि चहा प्यायचे. शेवटी ती बाईच कंटाळली. नवऱ्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "काय तो कागूद द्या ह्या मानसाला. न्हाईतर उद्यापास्नं च्या तुमी करा."

आणि कागद मिळाला! संस्थेच्या शिक्क्याचा, चेअरमनच्या सहीचा. मागच्या बाजूला नियम छापलेले. एका माणसाला एकच काठी. उजेड असेपर्यंतच बसावं. जाळं वापरू नये. सुरुंग, विषारी औषध, विजेचा प्रवाह वापरू नये. धरलेला मासा विकू नये. पावसाळ्यात, अंडी घालायच्या दिवसांत मासेमारी पूर्ण बंद. आणि शेवटचा, मागितल्यास परवाना दाखवावा.

दाजींनी ते सगळं अक्काला मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्कानं डोक्यावरून पदर घेऊन, हात जोडून ऐकलं. मग दाजींनी परवाना प्लास्टिकच्या पाकिटात घातला, त्याला दोरी लावली आणि गळ्यात अडकवला. माळ्यावरची काठी खाली आली. कणकेचा उंडा मळला गेला. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. मी हुश्श केलं. इथं ही गोष्ट संपायला हवी होती.

पण कंडक्टर कधी निवृत्त होत नाही, त्याची फक्त गाडी जाते.

दाजी तळ्यावर बसायला लागले ते परवाना कुणी मागतोय का याची वाट बघत. कुणी मागेना! राखणदार तर त्यांना बघितलं की झाडामागं जायचा. दाजी बेचैन झाले. मला म्हणाले, "तिकीट काडलेल्याचं तिकीट कुनी बघायलाच आलं न्हाई, तर आपुन काडलं ह्येचा उपेग काय, पाव्हणं?" त्यांनी परवान्याची मागची बाजू पुन्हा वाचली. मागितल्यास दाखवावा, एवढंच लिहिलेलं. कुणी मागायचा ते लिहिलेलं नाही. आणि ज्या माणसानं जन्मभर मागितलं, त्याला हे न लिहिलेलं अगदी स्वच्छ वाचता आलं.

दुसऱ्या दिवशी दाजी काठानं फिरायला निघाले. हातात घराची किल्ली. गळवाल्याच्या बादलीवर किल्ली वाजवायची, टक् टक्, जसा पूर्वी तिकिटं टोचायचा चिमटा गाडीच्या दांड्यावर वाजवायचे तशी. आधी स्वतःचा परवाना दाखवायचा. "ह्यो माजा. आता तुमचा दावा." समोरचा आधी हसायचा. मग त्या डोळ्यांकडं बघायचा. मग गळ गुंडाळायला लागायचा. परळीकडून मोटारसायकलवर आलेल्या दोन हौशी माणसांच्या पिशवीतून बारीक जाळं निघालं, मच्छरदाणीचं. "ह्यात तर पिल्लूबी सुटत न्हाई, रं," दाजी म्हणाले. "पोरंटोरं समद्यास्नी खाऊन टाकनार का?" ते दोघं गेले आणि जाताना बघून घेऊ म्हणाले. आम्ही बघत राहिलो, आले नाहीत.

काही लोक खरोखर चेअरमनच्या अंगणात जाऊन परवाने काढून आले. पण राखणदाराच्या बाटल्या आटल्या, आणि तो चेअरमनकडं जाऊन रडला. चेअरमन स्वतः तळ्यावर आले. मीही त्या दिवशी तिथंच होतो, वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वास कमी येईल अशा ठिकाणी.

"दाजी, परवाना तुमाला मासं धरायला दिलाय," चेअरमन म्हणाले, "मानसं धरायला न्हाई. परत कुनाला इचारलं तर तुमचा परवाना रद. लिवून घ्या. मंग हाय तुमी, आन् घरातलं ते टीवीचं खोकं."

दाजींचा हात गळ्यातल्या पाकिटावर गेला आणि तिथंच राहिला. त्या दिवसापासून त्यांनी कुणाला विचारलं नाही. किल्ली खिशात राहिली. मच्छरदाणीवाले पुन्हा दिसायला लागले, दाजी मान दुसरीकडं करून बुचाकडं बघायचे.

पाऊस लागला. बंदीचे दिवस आले. दाजींनी काठी पुसून घरात ठेवली. तरी तळ्यावर जायचे, नुसते बसायचे. परवाना गळ्यात. मी विचारलं, "आता कशाला तो?" तर म्हणाले, "पास सुट्टीतबी जवळ ठिवावा."

एका सकाळी मी अक्काकडं गेलो होतो आणि दाजींबरोबर तळ्यावर निघालो. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायच्या आधीच गाड्या दिसल्या. पांढऱ्या, मोठ्या, काळ्या काचांच्या. आमच्या भागातल्या एका उगवत्या पुढाऱ्याची पार्टी होती. पाळीवर चुलींवर पातेली चढली होती, कांदा चिरला जात होता. आणि मग पाण्यावर नजर गेली.

पाण्यात वीज सोडली होती. बॅटरी आणि कसलंसं यंत्र दोघं जण उचलून गाडीत ठेवतच होते. त्यांचं काम झालं होतं. काठापासून आत लांबपर्यंत मासे उलटे तरंगत होते, पांढरी पोटं वर. मोठे होते, बोटाएवढे होते, बेडूक होते, एक पाणसाप होता. माद्यांची पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली, काहींची दाबली जाऊन फुटलेली, आणि ती पिवळी, चिकट अंडी काठाच्या गाळात, चिप्सच्या पाकिटांत आणि प्लास्टिकच्या ग्लासांत मिसळत होती. एक रोहू अजून तोंड उघडमीट करत होता. त्याच्यावर कुणीतरी सिगारेट विझवली. मी इतका वेळ तुम्हाला किळस आली, किळस आली म्हणून सांगतोय. ती सगळी नाकाची किळस होती. ही वेगळी होती. ही माशाची नव्हती. मला त्या माशांची पहिल्यांदाच किळस आली नाही.

राखणदार हात जोडून बाजूला उभा. चेअरमनही होते, तेही हात जोडून, पण जास्त वाकून. आम्हाला बघून ते लगबगीनं आले. "दाजी, आज न्हाई. आज मागारी जावा. दादांची मानसं हायती."

दाजी त्यांच्या बाजूनं निघून खाली पाण्याकडं गेले.

काठाला संस्थेची पत्र्याची नाव लागली होती. तिच्यात पुढारी स्वतः उभे होते. कडक पांढरे कपडे, पांढरे बूट, दोन्ही हातांत गाभण कटला आडवा धरलेला. काठावरून एक कार्यकर्ता मोबाईलवर रील काढत होता. "दादा, जरा वर धरा. हसा. आता नाव आत नेऊ, मासं गोळा करतानाचं घेऊ."

टक् टक्.

दाजींनी नावेच्या पत्र्यावर किल्ली वाजवली होती.

चेअरमन माझ्याशेजारी पुटपुटले, "गेला. गेला ह्याचा परवाना." माझ्या डोळ्यांसमोर बंद टीव्ही आला. मी दाजींचा दंड धरायला पुढं झालो, पण त्यांनी गळ्यातलं पाकीट काढून वर धरलं होतं.

"ह्यो माजा," दाजी म्हणाले. "तुमचा?"

पुढारी हसले. माणसंही हसली. "काय पायजे, आबा?"

"परवाना."

"आमाला परवाना मागता? तळं कुनाच्या भागात हाय, म्हाईत हाय का?"

"परवाना हाय का न्हाई?"

"न्हाई. मंग?"

दाजींचा हात वर गेला. तिथं बेलची दोरी नव्हती, नुसती हवा होती. त्यांनी ती ओढली. आणि त्या जुन्या, बारीक आवाजात, न ओरडता दोन शब्द बोलले.

"खाली उतरा."

पुढं काय झालं त्याआधी एक सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही चेअरमनची चिंता करत बसाल. दाजींचा परवाना रद्द झाला नाही. होऊ शकला नाही. कारण रील काढणारा कार्यकर्ता दादांचा चेहरा टिपण्यात इतका गुंग होता की त्यानं मोबाईल बंदच केला नाही, आणि दुपारपर्यंत ते सगळं तालुक्याच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचलं होतं. परवाना रद्द करायचा म्हणजे तो विषय पुन्हा काढायचा, आणि दादांच्या माणसांनी चेअरमनला हात जोडून सांगितलं की कृपा करून काढू नका. दाजी अजून बसतात. किल्लीही पुन्हा खिशातून बाहेर आली आहे. मीही अधूनमधून त्यांच्याशेजारी जाऊन बसतो, रुमाल नाकाला लावून.

आता परत नावेकडं चला.

दाजी ते दोन शब्द बोलले. पुढाऱ्यांच्या तोंडावर हसू तसंच होतं. म्हणजे डोक्याला अजून काही कळलेलं नव्हतं. पण एक पांढरा बूट नावेच्या काठावरून बाहेर आला. मग दुसरा. गाभण कटला हातातून सुटून पाण्यात पडला. दादा गुडघ्यापर्यंत गाळात उतरले. अंड्यांत, प्लास्टिकच्या ग्लासांत, मेलेल्या बेडकांत. तिथं उभं राहून त्यांनी दाजींकडं नीट बघितलं, आणि त्यांच्या तोंडून, सगळ्या माणसांसमोर, मोठ्यानं निघून गेलं,

"मास्तर, फाट्यापर्यंत तरी येऊ द्या!"